तायक्वांदो : पुस्तक कोणते घ्यावे, व्हिडिओ कोणता बघावा?

रविवारची वंदना आटोपली की विहाराच्या पायरीवर बायका थोडा वेळ थांबतात. रेशन, पाण्याचा नळ, कुणाचा बीपी, कुणाच्या मुलीचा निकाल. उन्हाळ्याच्या सुट्टीपासून त्यात एका विषयाची भर पडली आहे. "ताई, पोरगं तायक्वांदोला जातंय. घरी प्रॅक्टिसला पुस्तक कुठलं घेऊ? का मोबाईलवरच बघू दे?" गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न मला निदान दहा जणींनी विचारला असेल. प्रत्येकीला पायरीवर उभ्या उभ्या अर्धवट उत्तर दिले. आज नीट बसून देते.

पुस्तक आणि व्हिडिओ निवडणे हा आरोग्याच्या पानाचा विषय कसा, असे कुणाला वाटेल. त्याचे कारण आमच्या गल्लीतला एक मुलगा आहे. सातवीत शिकतो, क्लासला एक दिवस चुकत नाही. पिवळा पट्टा मिळाला, पण लाथ काही कमरेच्या वर जाईना. मोबाईलवर त्याला सात दिवसांत फुल्ल स्प्लिट शिकवणारा व्हिडिओ सापडला. आई भांडी घासतेय, बाप रात्रपाळीला गेलेला, आणि हा जेवण झाल्यावर शहाबादी फरशीवर पाय फाकवून बसायचा, वरून धाकट्या भावाला पाठीवर दाबायला सांगायचा. चौथ्या रात्री मांडीच्या मागे, बसायच्या हाडाजवळ, कट्कन आवाज झाला. दोन महिने पोर लंगडत शाळेत गेले. एक्स-रे पाहून डॉक्टरांनी समजावले ते प्रत्येक आईबापाने लक्षात ठेवावे असे आहे. वाढत्या वयात स्नायू हाडाला जिथे चिकटतो तिथे अजून कूर्चा असते, पक्के हाड नसते. मोठ्या माणसाने जास्त ताण दिला तर स्नायू दुखावतो. मुलाने तोच ताण दिला तर ती जागाच हाडापासून सुटू शकते.

तो व्हिडिओ खोटा होता असे मी म्हणणार नाही. तो करणारा माणूस पंचविशीचा, बरीच वर्षे सराव केलेला, खाली जाड मॅट, अंग आधी गरम केलेले. त्याने स्वतःसारख्यांसाठी तो बनवला होता. आपल्या वस्तीतल्या बारा वर्षांच्या मुलासाठी तो नव्हता, आणि हे त्या मुलाला सांगणारे त्या वेळी घरात कुणी जागेवर नव्हते.

म्हणून माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. पुस्तक आणि व्हिडिओ क्लासच्या जोडीला हवेत. पण सरांनी जे आधीच शिकवले आहे ते आठवायला हवेत, जे शिकवलेले नाही ते शिकायला नकोत. ही एक मर्यादा पाळली तर निम्म्या चुका टळतात. राहिलेल्या निम्म्या टाळायला थोडी माहिती लागते.

पहिला प्रश्न असा की आपले मूल नेमके कोणते तायक्वांदो शिकते? पायरीवर हे विचारले की बायका माझ्याकडे बघत राहतात. तायक्वांदो एकच नाही. हे नाव 1955 साली कोरियात ठरले. ते पुढे आणणारे चोई होंग ही नावाचे लष्करी अधिकारी होते. त्यांनी 1966 मध्ये सोलमध्ये आंतरराष्ट्रीय संघटना काढली, तिला आयटीएफ म्हणतात. पुढे तिथल्या सरकारशी त्यांचे बिनसले आणि 1972 मध्ये ते देश सोडून कॅनडाला गेले. 1973 मध्ये सोलमध्ये दुसरी संघटना उभी राहिली, डब्ल्यूटीएफ. ऑलिम्पिकमध्ये जे दिसते ते या दुसऱ्या घराचे. 1988 आणि 1992 ला ते प्रदर्शनापुरते होते, 2000 च्या सिडनी ऑलिम्पिकपासून पदकाचा खेळ झाला. शाळांच्या स्पर्धाही त्याच नियमांच्या वळणाने चालतात.

एका आईबापाच्या दोन मुलांनी वेगळ्या चुली मांडाव्यात तसे हे आहे. लाथा पुष्कळशा सारख्या, पण क्रमबद्ध हालचालींचे पाठ वेगळे, उभे राहण्याची ढब वेगळी, लढतीचे नियम वेगळे. ओळखायचे कसे? मुलाला विचारा, पाठाला काय म्हणतात. "पूमसे" म्हणाला आणि तेगुक इल जांग, ई जांग अशी नावे सांगितली तर ऑलिम्पिकवाले घर. "तुल" म्हणाला आणि चोन-जी, दान-गुन, दो-सान म्हणाला तर चोई यांचे घर. पहिल्यात लढतीला छातीवर कवच बांधतात आणि तोंडावर ठोसा चालत नाही. दुसऱ्यात हातापायात कव्हरे घालतात आणि तोंडावर ठोसा चालतो. आता विचार करा, तेगुक शिकणाऱ्या मुलाने चोई यांचे पुस्तक वाचून गुडघे वरखाली करत पाठ केला, तर दुसऱ्या दिवशी सर ओरडणारच. मुलाला वाटते आपण मेहनत घेतली तरी बोलणी खाल्ली. असा हिरमोड होऊन क्लास सोडलेली मुले मी पाहिली आहेत. पैसे देऊन पुस्तक घ्यायचे आणि त्याच पुस्तकाने खेळ सुटायचा.

चोई यांच्या पाठांतला चौथा पाठ आपल्या वाचकांना जवळचा वाटेल. त्याचे नाव वोन-ह्यो, आणि वोन-ह्यो हे बौद्ध भिक्खू होते. कोरियातल्या शिल्ला राज्यात इसवी सन 617 ते 686 हा त्यांचा काळ. त्यांची एक कथा तिथे घरोघर सांगतात. अभ्यासासाठी ते एका सोबत्याबरोबर चीनला निघाले होते. वाटेत पावसापाण्याची रात्र एका गुहेत काढली, तहान लागली म्हणून अंधारात हाताला लागलेल्या भांड्यातले पाणी प्यायले, गोड लागले. सकाळी पाहतात तर ती गुहा नव्हती, थडगे होते, आणि भांडे म्हणजे माणसाची कवटी. पोटात ढवळले. रात्री तेच पाणी गोड लागले होते, मग बदलले काय? पाणी तेच, मन बदलले. चीनला जायची गरज उरली नाही असे म्हणून ते परत फिरले. पुढे मठ सोडून गावोगाव साध्या माणसांत धम्म सांगत हिंडले. मुलगा वोन-ह्यो पाठ करत असेल तर त्याला हे माहीत असायला हवे की आपण कुणाचे नाव घेऊन हात उचलतो आहोत.

आता गंमत पाहा. चोई यांच्या पुस्तकात, आणि त्यावरून छापलेल्या कितीतरी पुस्तिकांत, वोन-ह्यो यांनी 686 साली शिल्लात बौद्ध धम्म आणला असे लिहिलेले असते. परीक्षेत मुले तेच पाठ म्हणून दाखवतात. पण 686 हे तर त्यांच्या निधनाचे वर्ष. शिल्लाच्या राजाने धम्माला राजमान्यता दिली ती 527 साली, म्हणजे वोन-ह्यो जन्मण्याच्या नव्वद वर्षे आधी. तसेच तायक्वांदो दोन हजार वर्षे जुने आहे हे वाक्य. कोरियात जुन्या लढाऊ कला होत्या हे खरे, पण आजच्या तायक्वांदोची शाळा बांधणाऱ्यांपैकी बरेच जण जपानी राजवटीच्या काळात कराटे शिकलेले होते. चोई स्वतः जपानमध्ये कराटे शिकले होते. पुस्तकांत हे सहसा सापडत नाही, कारण 1910 ते 1945 जपानने कोरियाला गुलाम ठेवले आणि त्या देशाकडून काही घेतले हे कबूल करणे जड जाते. आपल्याला तो सल समजू शकतो. तरी खरे ते खरे.

कालाम सुत्त विहारात आपण कितीदा ऐकले आहे. ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरू सांगतो म्हणून मानू नका, तपासून घ्या. खेळाच्या पुस्तकालाही हे लागू आहे, आणि चकचकीत व्हिडिओला तर अधिकच. मुलाला मी एवढेच सांगते की परीक्षेत सर विचारतील ते उत्तर दे, मार्क घालवू नकोस, पण खरे वर्ष वहीत लिहून ठेव.

पुस्तकाकडे येऊ. अंगमेहनतीची विद्या पुस्तकातून येते का, हा प्रश्न पुण्याला नवा नाही. गंज पेठेत लहुजी वस्तादांची तालीम होती. जोतीराव फुले तिथे दांडपट्टा आणि लाठी शिकले. पोथी उघडून शिकले नाहीत, वस्तादाच्या नजरेखाली शिकले. त्याचबरोबर बडोद्याला करंदीकर-मुजुमदारांनी 1936 पासून व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत काढले, मल्लखांबापासून कुस्तीपर्यंत सगळे चित्रांसह. म्हणजे आपल्या भाषेत दोन्ही आहे, तालीमही आणि पोथीही. पण तो कोश वाचून कुणी पैलवान झाला नाही. तालमीत जाणाऱ्याला मात्र त्याचा उपयोग झाला, कारण काय बघायचे हे त्याच्या अंगाला आधीच ठाऊक होते.

पुस्तकातल्या चित्रात लाथेची सुरुवात दिसते आणि शेवट दिसतो. मधला रस्ता दिसत नाही. मूल तो रस्ता मनाने भरते आणि तिथेच गुडघा वाकडा जातो. त्यामुळे लाथा शिकवणारे पुस्तक घेऊ नका. पाठांची पावले दाखवणारे घ्या, म्हणजे जमिनीवर पाऊल कुठून कुठे गेले, तोंड कोणत्या दिशेला वळले याचा नकाशा ज्यात आहे ते. तेगुक इल जांगमध्ये अठरा हालचाली आहेत, रंगीत पट्ट्यांसाठी असे एकूण आठ पाठ. चोई यांच्या पद्धतीत चोवीस. एवढे लक्षात ठेवायला कागद खरोखर कामाचा आहे.

अप्पा बळवंत चौकात दुकानात उभे राहून पुस्तक उघडून पाहा, लाजू नका. आधी कोणत्या घराचे ते बघा. मग वर्ष. ऑलिम्पिकवाल्या संघटनेने 2017 मध्ये नाव बदलले, डब्ल्यूटीएफमधला शेवटचा एफ काढला, आता नुसते वर्ल्ड तायक्वांदो. मुखपृष्ठावर जुनी तीन अक्षरे असतील तर त्यातले स्पर्धेचे नियम जुने आहेत. पाठ मात्र तेच आहेत, त्यासाठी चालेल, आणि जुन्या बाजारात स्वस्तही मिळेल. तीस दिवसांत स्वसंरक्षण, एका लाथेत शत्रू गारद, अशा छापाची पुस्तके खाली ठेवून द्या. कोरियातल्या कुक्कीवॉन या मुख्य केंद्राचे जाडजूड इंग्रजी पाठ्यपुस्तक आहे, ते प्रशिक्षकांसाठी. एका घराने विकत घेण्याचे ते नव्हे. विहाराच्या वाचनालयात एक प्रत असावी असे मला वाटते, आणि भीमजयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी केला तर ती येईल. हे वाक्य काहींना झोंबेल, झोंबू द्या.

पण माझ्या मते सगळ्यात चांगले पुस्तक बाजारात मिळतच नाही. ते मुलाने लिहायचे असते. शंभर पानी वही घ्या. क्लासमध्ये सर कोरियन शब्द बोलतात ते देवनागरीत लिहून घ्यायचे. चारयत म्हणजे सावधान, क्योन्ने म्हणजे नमस्कार, चुनबी म्हणजे तयार, शिजाक म्हणजे सुरू, हाना दुल सेत म्हणजे एक दोन तीन. आप छागी पुढची लाथ, योप छागी बाजूची, दोल्यो छागी गोल फिरवून मारायची. एका पानावर आज काय शिकलो, काय जमले नाही, कुठे दुखले. या "कुठे दुखले"वर माझा जोर आहे. दहा ते पंधरा वयाच्या मुलांना गुडघ्याच्या खाली, नडगीच्या वरच्या उंचवट्यावर दुखू लागते, दाबले की कळ येते. वाढीचे दुखणे म्हणून आपण सोडून देतो. उड्या आणि लाथा कमी केल्या की ते बहुतेकदा हळूहळू बसते. दामटत राहिले की लांबते. वहीत तीन आठवडे सलग "उजवा गुडघा" लिहिलेले दिसले तर आई ती वही घेऊन डॉक्टरकडे जाऊ शकते. कोणते छापील पुस्तक हे काम करील?

आता व्हिडिओ. हे प्रकरण मोठे आहे, कारण पुस्तकाला पैसे लागतात म्हणून तिथे आपण थांबतो आणि व्हिडिओ फुकट म्हणून कुणी थांबत नाही. पाठ पाहायचे असतील तर कुक्कीवॉनचे स्वतःचे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत, फुकट. मूळ ठिकाणी स्वच्छ पाणी असताना ओढ्याचे कशाला प्यायचे? मात्र एक बारीक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. शिकवणारा आपल्याकडे तोंड करून उभा असेल तर त्याचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला दिसतो. मूल आरशासारखे बघून करते आणि अख्खा पाठ उलटा बसतो. तो सुटायला पुढे महिना जातो. म्हणून पाठमोरा दाखवलेला व्हिडिओ निवडा. वेग अर्ध्यावर आणण्याची सोय प्रत्येक मोबाईलवर आहे, ती वापरायला शिकवा.

लाथेचा व्हिडिओ चांगला की वाईट हे ओळखायला तुम्हाला तायक्वांदो यायला नको. उभ्या पायाकडे बघा. दोल्यो छागी मारताना जमिनीवरचा पाय चवड्यावर फिरला पाहिजे आणि टाच समोरच्याच्या दिशेला वळली पाहिजे. टाच वळली नाही आणि कंबर वळली, तर मधला गुडघा पिळवटतो. चांगला शिकवणारा हा पाय दाखवतो, थांबून दाखवतो, समोरून आणि बाजूने दाखवतो. ज्या व्हिडिओत कॅमेरा कमरेच्या वरच आहे, मागे जोराचे संगीत आहे आणि लाथ डोक्यावर बसताना पंधरा वेळा संथ गतीने दाखवली आहे, तो करमणुकीचा आहे. करमणूक म्हणून बघा, तक्रार नाही, पण त्याला सराव म्हणू नका. अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये उभा पाय बहुधा दिसतच नाही. दुसरी खूण अशी की चांगला शिकवणारा हे कुणी करू नये तेही सांगतो, आणि किती वेळा करून थांबायचे तेही.

ताण देण्याचे, वजन उतरवण्याचे आणि फळ्या-कौले फोडण्याचे व्हिडिओ मुलांसाठी पूर्ण बंद ठेवावेत. इथे मी मवाळपणे बोलणार नाही. ताण द्यायचा तो सरांसमोर. आधी अंग गरम, मग हलते ताण, स्थिर ताण सराव संपल्यावर, आणि कुणी वरून दाबायचे नाही. वजनाच्या गटात बसावे म्हणून पाणी बंद करून, रेनकोट घालून उन्हात पळणारी मुले मी पाहिली आहेत. घाम गेला म्हणजे चरबी गेली असे नाही, पाणी गेले. पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात हे जिवावर बेतू शकते. वाढत्या मुलाने वरच्या गटात खेळावे आणि हरावे, पण उपाशी राहू नये. फळ्या फोडण्याबद्दल एवढेच की बोटांची हाडे अजून तयार होत आहेत, त्याच हातांना उद्या परीक्षेत तीन तास लिहायचे आहे.

सामन्यांचे व्हिडिओ बघायला हरकत नाही, पण तारीख बघा. 2017 पूर्वी छातीवरच्या साध्या लाथेला एक गुण होता, त्यानंतर दोन झाले. डोक्यावरच्या लाथेला तीन, आणि गिरकी घेऊन मारली तर त्यावर आणखी दोन. 2022 पासून तीनपैकी दोन फेऱ्या जिंकणारा विजयी ठरतो, पूर्वी सगळ्या फेऱ्यांचे गुण एकत्र धरत. दहा वर्षांपूर्वीचा सामना बघून डावपेच शिकणारा मुलगा चुकीचा हिशोब शिकतो. त्याहून मोठी काळजी वेगळी आहे. डोक्याला जास्त गुण हे मुलांनी बघितले की ती गल्लीत, कवचाशिवाय, एकमेकांच्या डोक्यावर लाथा मारून बघतात. शिरस्त्राण घातले तरी आत मेंदू हलतोच. डोक्याला लागल्यावर मूल गोंधळले, उलटी झाली, डोके खूप दुखले, झोपाळलेले वाटले, क्षणभर जरी शुद्ध हरपली, तर खेळ त्या दिवसापुरता संपला. ससूनला न्या, झोपवून ठेवून वाट बघू नका. आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत लढत नाही.

एक व्हिडिओ मात्र प्रत्येक घरात बनावा. मुलाचा स्वतःचा. बाजूने, पायासकट, तीस सेकंद. मुलगा स्वतःला बघतो तेव्हा आपली टाच वळली नाही हे त्याचे त्यालाच दिसते. महिन्याभराने पुन्हा काढा आणि दोन्ही शेजारी लावून बघा. सरांना दाखवा. तो बाहेर कुठे टाकू नका, विशेषतः मुलींचा. वस्तीच्या ग्रुपवरही नको.

मुलींचा विषय निघालाच आहे. घरात मोबाईल एक असतो आणि तो भावाकडे असतो. मुलीने सरावाचा व्हिडिओ बघायला मागितला तर "काय बघतेस" हा प्रश्न पहिला. एका आईने मला सांगितले, क्लासला पाठवते पण मोबाईल देत नाही, काय काय येतं त्याच्यावर. तिची भीती खोटी नाही. पण परिणाम असा की त्याच क्लासला जाणारा भाऊ तीन पाठ पुढे गेला आणि बहीण मागे राहिली, आणि सरांना वाटले मुलीला जमत नाही. माझी सूचना साधी आहे. मोबाईल आईच्या हातात, व्हिडिओ आधी उतरवून ठेवलेला, दोघांना मिळून वीस मिनिटे. पाळीच्या दिवसांत सराव केला तर काही बिघडत नाही, खूप त्रास होत असेल तर त्या दिवशी विश्रांती, बस. हे पुस्तकांत सहसा नसते कारण पुस्तके पुरुषांनी लिहिली.

पैशाचा क्रमही चुकतो आपला. पाचशे-हजार हातात आले की पहिले पुस्तक, नवीन ड्रेस, नाव छापलेला पट्टा. आधी दातांचा गार्ड आणि जांघेचा गार्ड घ्या. मग खाली घालायला फोमची मॅट, चार घरांत मिळून. फरशीवर रोज दोनशे उड्या मारणाऱ्या गुडघ्याला कोणतेही पुस्तक वाचवू शकत नाही. खाण्याचे या पानावर नेहमीच येते म्हणून थोडक्यात सांगते, सरावानंतर तासाभरात भाकरी, मटकी किंवा हरभऱ्याची उसळ, अंडे, परवडेल तेव्हा सुकट. प्रोटीन पावडरचा व्हिडिओ दिसला तर पुढे सरकवा.

काही प्रशिक्षक म्हणतात, व्हिडिओ अजिबात बघायचे नाहीत, मी सांगतो तेवढे करा. त्यांचा त्रास मला कळतो. चाळीस मुलांच्या वर्गात एकेक जण रील बघून येतो आणि सरांनाच शिकवतो. पण प्रश्नच नको म्हणणारा गुरू आपल्या परंपरेत बसत नाही. मुलाने वहीत प्रश्न लिहून न्यावा, एका वेळी एक, आणि वर्ग संपल्यावर विचारावा. चिडण्याऐवजी करून दाखवणारा सर मिळाला असेल तर त्याला सोडू नका.

आणखी एक सावधगिरी. व्हिडिओ बघून, पैसे भरून, घरबसल्या ब्लॅक बेल्ट देणारी जाहिरात काही घरांत पोचली आहे. नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, ते यातून मिळेल असे कुणीतरी सांगते. मिळत नाही. तिथे ठरावीक स्पर्धांमधली कामगिरी बघतात आणि तिचे प्रमाणपत्र क्रीडा खात्याकडून पडताळून घ्यावे लागते. नुसत्या पट्ट्याला तिथे किंमत नाही, मग तो कोणत्याही रंगाचा असो.

तो सातवीतला मुलगा आता बरा आहे. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सरांनी त्याला लाथा न देता फक्त इल जांगची पावले दिली. त्याची वही मी पाहिली. पहिल्या पानावर वोन-ह्यो यांचे नाव आहे, खाली 617–686, आणि त्याच्याखाली धाकट्या भावासाठी सूचना : पाठीवर बसायचं नाही.

येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात अर्धा तास बसू. प्रोजेक्टर नाही, एका घरून जुना टीव्ही येणार आहे. इल जांगचा पाठमोरा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवला आहे. मुलांबरोबर मुलीही पाठवा, आणि येताना प्रत्येकाने वही आणावी.